बास्केटखालची पांगापांग

डावं-उजवं शिकवण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही. माझ्या शेजारी बसून गाडी शिकलेलं निम्मं काउली क्रीक गाव म्हणतं. इथल्या डॉक्टरला मी शिकवलं, पाद्रीबुवांना मी शिकवलं, शववाहिका चालवणाऱ्यालाही मीच शिकवलं. समोरून ट्रॅक्टर येतोय आणि शिकाऊ माणसाने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबलाय, अशा वेळीसुद्धा मी आवाज चढवत नाही. "आता जरा दुसरा पाय," एवढंच म्हणतो.

त्यामुळे गावातल्या छोट्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा मी शांतपणे हात वर केला. नऊ-दहा वर्षांच्या पाच पोरी आणि एक चेंडू. ट्रॅक्टरपेक्षा काय अवघड असणार?

आता या संघाची परिस्थिती सांगतो. आमची शाळा केव्हाच बंद होऊन शेजारच्या मार्लोच्या मोठ्या शाळेत विलीन झाली. गावाचं नाव आता दोनच ठिकाणी उरलंय. एक पाण्याच्या टाकीवर, आणि दुसरं या पोरींच्या जर्सीवर. टाकी निदान हरत तरी नाही! आमच्या पोरी गेले दोन हिवाळे एकही सामना जिंकल्या नव्हत्या.

आणि मार्लोच्या मुलींना शिकवतं कोण? माझी सासू! आर्लीनबाई. जन्मभर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. त्या चर्चमध्येसुद्धा ती घालून येतात. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की त्यांचा हात हळूच शिट्टीकडे जातो, आणि पाद्रीबुवा पटकन आमेन म्हणून मोकळे होतात.

तर एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. तळलेली कोंबडी माझ्या ताटात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या हिवाळ्यापासून तुमच्या पोरी आमच्या संघात घालून टाका. उगाच हरायला म्हणून वेगळा संघ कशाला?"

"आई बरोबर म्हणतेय, वेंडेल," माझी बायको नोरीन म्हणाली. "हरून हरून पोरींची तोंडं बघ कशी झालीत."

संघातल्या पाचांपैकी एक आमची मुलगी, लॉटी. ती ताटातल्या शेंगा इकडून तिकडे ढकलत बसली होती. तिने हळूच विचारलं, "मग आपल्या गावाचं नाव नसणार जर्सीवर?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "का नसणार? तुमच्याविरुद्धचा सामना आम्ही जिंकतो, आई! नाही जिंकलो, तर खुशाल घ्या पोरी तुमच्यात!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, शिकाऊ माणूस उलट्या दिशेने एकेरी रस्त्यात शिरला की मी बघतो तसं. मग माझ्या ताटात आणखी एक तंगडी वाढली. "खा," म्हणाल्या. "ताकद लागेल."

घरी आल्यावर मी विचार केला. आमचं घोडं नेमकं पेंड खात होतं कुठे? बास्केटखाली! समोरच्या पोरीचा हात लागून चेंडू बास्केटमागच्या रेषेबाहेर गेला, की तिथूनच तो आत फेकायला आपल्याला मिळतो. पाच सेकंदांत फेकायचा, बस्स. बास्केट डोक्यावर! म्हणजे ताट वाढलेलं आहे, फक्त घास तोंडात घालायचाय. आणि नेमक्या तिथेच आमच्या पोरी उपाशी राहायच्या! लॉटीने चेंडू हातात घेतला की चौघीही तिच्या अंगावर धावायच्या. "मला! मला! मला!" दाणे टाकायला गेलेल्या माणसावर कोंबड्या तुटून पडाव्यात तशा! लॉटी बिचारी घाबरून चेंडू कुठेतरी भिरकावायची, आणि तो हटकून समोरच्यांना मिळायचा.

चेंडू आत फेकायचं काम तिने स्वतःहूनच मागून घेतलं होतं. "बाबा, रेषेबाहेर उभं राहिलं की कुणी धक्का मारत नाही," म्हणाली होती.

मी एक डाव रचला. चौघींनी बास्केटसमोर एका ओळीत उभं राहायचं. लॉटीने चेंडूवर थाप मारली की तिघींनी तीन दिशांना पळायचं. आमच्या लीगचा नियमच असा, की छोट्या मुलींच्या सामन्यात प्रत्येकीने समोरच्या एकेकीलाच धरायचं. म्हणजे आमच्या तिघी पळाल्या की त्यांच्याही तिघी मागोमाग जाणार! मैदान मोकळं! बास्केटखाली उरणार आमची बर्डी, जी वर्गात सगळ्यांत उंच. तिच्या हातात चेंडू द्यायचा आणि तिने तो वर टाकायचा. डावाचं नाव पांगापांग!

गावच्या हॉलमध्ये या डावाच्या पहिल्या सरावाला मी म्हटलं, "हॅटी डावीकडे, विनी उजवीकडे."

दोघीही एकाच बाजूला धावल्या आणि एकमेकींवर आपटल्या.

"हॅटी, डावा हात कुठला?"

हॅटीने हवेत आपलं नाव लिहून बघितलं. आडनावासकट! आडनाव शुल्ट्झेनहाउस. मग तिला कळलं की आपण लिहितो तो उजवा, म्हणजे राहिलेला तो डावा. पण तोवर पाच सेकंद केव्हाच उलटून गेले होते.

"सर," विनी म्हणाली, "तुमचं डावं की आमचं? लॉटीकडे तोंड करून की पाठ करून?"

ज्या माणसाने अख्ख्या गावाला डावं-उजवं शिकवलं, त्याला चार पोरींनी एका संध्याकाळी हात टेकायला लावले! पण मी डगमगलो नाही. मी म्हटलं, "डावं-उजवं रद्द! हॅटी, त्या कोपऱ्यात काय दिसतं?"

"दार."

"मग तू दाराकडे. विनी, त्या कोपऱ्यात?"

"पाण्याचा नळ."

"तू नळाकडे. टेस, तू त्या भिंतीजवळच्या जुन्या ढालींच्या कपाटाकडे. आणि बर्डी, तू आपल्या बास्केटखाली हात वर करून झाडासारखी उभी राहा."

अहो, काय सांगू! पोरी अशा पांगल्या, की जणू कुणी पिठाच्या डब्यावर फुंकर मारली! महिनाभर आम्ही तेच केलं. दार, नळ, कपाट, झाड! हॅटीला झोपेतून उठवून "पांगापांग!" म्हटलं तरी ती थेट त्या दाराकडे गेली असती.

एकच बारीकशी गोष्ट. सराव सगळा एकाच बास्केटवर झाला. हॉलचा दुसरा अर्धा भाग गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी अडवला होता. त्यांच्या लाकडी चौकटी दुसऱ्या बास्केटखाली मांडलेल्या असायच्या, आणि चेंडू चुकून तिकडे गेला की बाया सुया रोखून बघायच्या. मी म्हटलं, एक बास्केट काय नि दोन काय! एका गल्लीत गाडी वळवता आली की कुठल्याही गल्लीत वळवता येते.

सामन्याच्या दिवशी बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि आत सगळा गाव लोटला होता. गोधड्यांच्या चौकटी हलवल्या होत्या आणि बायका पहिल्या रांगेत, मांडीवर विणकाम घेऊन. दाराबाहेरच्या बोळात लाह्यांचं टेबल लागलं होतं. पंच होता आमचा न्हावी, ऑर्विल. वेळ आणि गुण सांभाळायला नोरीन बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आई.

"मी कुणाच्याच बाजूची नाही," तिने आधीच जाहीर केलं. "सामना संपेपर्यंत मला कुणी ओळखू नका."

पहिल्या अर्ध्यात आम्हाला नेमकं सरावाचंच बास्केट मिळालं. पहिल्यांदा चेंडू रेषेबाहेर गेला आणि मी शांतपणे हाक दिली, "पांगापांग!"

लॉटीने थाप मारली. हॅटी दाराकडे, विनी नळाकडे, टेस कपाटाकडे! बर्डीने चेंडू घेतला, वर टाकला, आत! गोधडीवाल्या बायका विणकामासकट उभ्या राहिल्या. एकीच्या लोकरीचा गुंडा मैदानात आला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा आत!

सासूबाई चालत चालत आमच्या बाकापर्यंत आल्या. "जावईबापू, गाडी गिअरमध्ये दिसतेय आज!"

"आशीर्वाद तुमचे, आई!"

"आशीर्वाद कुठले, अजून ब्रेक आहेत माझ्याकडे," असं म्हणून त्या वळल्या आणि आपल्या पोरींवर गरजल्या, "आपापली धरा गं! ती नळावर गेली तर नळावर जा, घरी गेली तर घरी जा, पण सोडायची नाही! कळलं?"

"होऽऽ!" मार्लोच्या पोरी ओरडल्या. त्या फार आज्ञाधारक आहेत. सासूबाईंच्या हाताखालचं कुणीही आज्ञाधारक होतं. माझे सासरे बघा.

मध्यंतरात मी पाय पसरून लाह्या खाल्ल्या. मग दोन्ही संघांनी बाजू बदलल्या. बास्केटबॉलमध्ये बदलतातच. मला ठाऊक होतं. म्हणजे डोक्याला ठाऊक होतं, पण डोक्याने ते मला सांगितलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात मार्लोने भराभर गुण केले. मग एकदाचा चेंडू आधी त्यांच्या असलेल्या, म्हणजे आता आमच्या, बास्केटमागे रेषेबाहेर गेला. मी हाक दिली, "पांगापांग!"

लॉटीने थाप मारली, आणि कुणी पांगेचना! हॅटी गोल गोल फिरली. विनी चार पावलं पळाली, थांबली, परत आली आणि बर्डीच्या पोटावर आपटली. टेसने हात कमरेवर ठेवून चारी भिंती न्याहाळल्या, बस चुकलेल्या माणसासारखं. पाच सेकंद संपले. ऑर्विलने शिट्टी मारली. चेंडू मार्लोला!

मी टाइमआउट मागितला. पोरी धापा टाकत भोवती जमल्या.

"सर, दार तर तिकडे..." हॅटीने सुरुवात केली.

"हॅटी, मी रस्ता सांगत असताना मध्ये बोलायचं नाही."

"पण सर, नळ पण..."

"विनी, नळ कुठे आहे तुला माहितीये ना?"

"हो."

"मग जायचं तिथे! लांब की जवळ, मध्ये कोण येतंय, काही बघायचं नाही. नळ म्हणजे नळ! दार म्हणजे दार! अर्ध्यात कुणी थांबलं तर याद राखा!"

बर्डीने हळूच बोट वर केलं. "आणि मी, सर? आपल्या बास्केटखालीच? नेहमीच्या?"

"नेहमीच्याच! नाहीतर काय नवीन बांधून देऊ?"

"बाबा..." लॉटी म्हणाली.

"लॉटी, तू फक्त चेंडू फेक, बाळा."

ती मैदानाकडे वळली. एवढं मात्र मला खरंच सांगायला हवं, की तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

नोरीन गुणांच्या टेबलावरून म्हणाली, "वेंडेल, पोरी काहीतरी सांगतायत तुला!"

"तू कुणाच्याच बाजूची नाहीस!" मी तिला आठवण करून दिली.

पोरी जिवापाड खेळल्या. टेसने पडता पडता एक बास्केट केली, बर्डीने दोन. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही फक्त एका गुणाने मागे होतो! आणि तेवढ्यात मार्लोच्या एका पोरीच्या हाताला लागून चेंडू बास्केटमागे रेषेबाहेर गेला. चेंडू आमचा! गावात अशी शांतता मी फक्त अंत्ययात्रेतच बघितलीय.

मी उठलो. कोट नीट केला. आणि हाक दिली, "पांगापांग!"

थाप!

हॅटी सुटली. पण कोपऱ्याकडे नाही! ती निघाली मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराकडे! तिच्यामागे तिला धरणारी पोरगी, दोन्ही हात वर करून. विनी सुटली नळाकडे. नळही त्याच टोकाला! मागोमाग तिची पोरगी. टेस कपाटाकडे. आणि बर्डी! आमची एकमेव आशा, आमचं झाड, ते मुळासकट उपटलं आणि धाड धाड पावलं टाकत पलीकडच्या बास्केटखाली, आपल्या नेहमीच्या बास्केटखाली, जाऊन हात वर करून उभं राहिलं!

"कुठे चाललात?" मी ओरडलो. मी! ट्रॅक्टरसमोर न ओरडलेला मी!

"दाऽऽर!" हॅटी ओरडली, आणि खरोखरच दार ढकलून बाहेर बोळात गेली. मार्लोची पोरगीही मागोमाग गेली. दार बंद झालं.

"परत या!" सासूबाई किंचाळल्या. पण "घरी गेली तर घरी जा" हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्या पोरी अशा अर्ध्यातून परत येतात होय?

इकडे बास्केटखाली उरल्या दोघीच. रेषेबाहेर चेंडू घेतलेली माझी लॉटी, आणि तिच्यासमोर तिला अडवायला ठेवलेली मार्लोची पोरगी. ती बिचारी मागे वळून हा देशत्याग बघत उभी राहिली होती. लॉटीकडे तिची पाठ!

ऑर्विल हाताने सेकंद मोजत होता. एक... दोन... तीन...

लॉटी इवलीशी दिसत होती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चेंडू द्यायला एक माणूस नाही! सामना गेला, संघ गेला, नाव गेलं, ते सगळं एकीकडे राहिलं. मला एवढंच वाटलं, की हिला मी एकटीला सोडलं.

चार...

लॉटीने चेंडू फेकला. तो त्या पोरीच्या पाठीवर धप्पकन आपटला, टप्पा खाऊन परत आला, आणि तोवर एक पाऊल आत आलेल्या लॉटीच्या थेट हातात! तिने चेंडूकडे पाहिलं. वर बास्केटकडे पाहिलं. "सॉरी हं," असं त्या पोरीला म्हणाली, आणि चेंडू वर टाकला.

तो कड्यावर एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. आणि आत पडला!

भोंगा वाजला.

कुणालाच काही कळेना. चालतं का हे? ऑर्विलच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली. दाढी-कटिंगमध्ये त्याचा हात कुणी धरणार नाही, पण नियमाच्या बाबतीत तो नेहमी ज्यांच्याकडे बघतो, त्यांच्याकडेच त्याने बघितलं. आर्लीनबाईंकडे! त्यांचाच संघ, त्यांचीच हार, आणि निकाल त्यांच्याच तोंडात!

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. एक मोठा श्वास घेतला.

"ही बास्केट धरायची," म्हणाल्या. "चेंडू आधी माझ्या पोरीला लागला, मग लॉटीने उचलला. नियमात बसतं. काउली क्रीक जिंकलं."

हॉल कोसळतो की काय असं वाटलं! गोधडीवाल्या बायका मैदानात, लोकर सगळ्यांच्या पायांत, आणि कुणाच्याच बाजूची नसलेली माझी बायको टेबलावर चढून नाचतेय! कुणीतरी लॉटीला खांद्यावर घेतलं. धक्के लागत होते तिला, चांगले जोरात लागत होते, आणि ती हसत होती.

हॅटी बोळात सापडली. लाह्यांच्या टेबलाला पाठ लावून उभी, आणि तिच्यासमोर मार्लोची पोरगी हात पसरून. "सोडणार नाही मी हिला," ती म्हणत होती. हॅटी तिला लाह्या भरवत होती, कारण त्या पोरीचे हात रिकामे नव्हते.

सासूबाईंनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. "जावईबापू, मानलं तुम्हाला! चार पोरी गावाबाहेर काढल्यात, माझ्या चार नेल्यात, आणि पाठीवरून खेळलात! चाळीस वर्षांत असा डाव बघितला नाही मी. आणि संघ मोडू नका हं. मला हरवायला कुणीतरी हवंच जवळपास."

मी शांतपणे मान झुकवली. दुसरं काय करणार? नऊ-दहा वर्षांच्या पोरींच्या देखत खरं बोलून गावाच्या आनंदावर पाणी ओतायचं?

गाडीत मी लॉटीला म्हटलं, "शाबास गं! पाठीवर मारायचं कसं सुचलं तुला? आजीने शिकवलं ना, खरं सांग?"

"नाही बाबा," लॉटी म्हणाली. "ऑर्विलकाका मोजायला लागले ना, मला भीती वाटली. मी डोळे मिटून फेकला."

नोरीन खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो. बटाट्याचा लगदा, नूडल्स, कोंबडी, सगळं होतं. जेवता जेवता सासूबाई पुढे झुकल्या.

"लॉटीबाळ, एक सांग. फेकताना तू बघत कुठे होतीस?"

लॉटीने माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं.

"कुठेच नाही, आजी," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

सासूबाईंनी टेबलावर अशी थाप मारली, की मीठदाणी आडवी झाली. "ऐकलंत? कुठेच नाही! याला म्हणतात कसलेली खेळाडू! नजरेवरून समोरच्याला पत्ताच लागू द्यायचा नाही! जावईबापू, हे कसं शिकवलंत तुम्ही? येत्या शनिवारी या माझ्या पोरींना शिकवायला!"

मी बटाट्याचा मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. त्या दिवशी मी तीनदा बटाटे मागून घेतले.